अधूनमधून ‘मिस’ मारणाऱ्या जुन्या पिकअपचे निदान

कर्जत व खालापूर तालुक्यांतील भाजीपाला उत्पादकाचा पावसाळ्यातील दिवस मध्यरात्रीनंतर संपतो. मंडपावरील काकडी, दोडकी, कारली व पडवळ दुपारनंतर तोडावयाची, निवडून क्रेटमध्ये भरावयाची आणि रात्री पनवेल, वाशी किंवा कल्याणच्या बाजाराकडे रवाना करावयाची, असा त्याचा क्रम असतो. या क्रमात वाहनाचे स्थान बियाण्याइतकेच महत्त्वाचे आहे. माल उत्तम पिकला, परंतु गाडी वाटेत अडली, तर सौद्याची वेळ टळते आणि कोवळी काकडी दुसऱ्या दिवशी पडेल भावाने द्यावी लागते. भररस्त्यात पावसात बंद पडलेली भरलेली गाडी चालकाच्या जिवालाही धोका निर्माण करते, ही गोष्ट वेगळीच.

जुन्या पिकअपच्या तक्रारींपैकी सर्वांत त्रासदायक तक्रार म्हणजे इंजिन अधूनमधून ‘मिस’ मारणे. पूर्ण बंद पडलेल्या इंजिनाचा दोष शोधणे तुलनेने सोपे असते, कारण दोष समोर हजर असतो. अधूनमधून येणारी मिसिंग मात्र रात्री घाटात दिसते आणि सकाळी गॅरेजच्या दारात नाहीशी होते. मग अंदाजाने एक एक सुटा भाग बदलला जातो, खर्च वाढत जातो आणि दोष जागच्या जागी राहतो. या दोषाचे निदान क्रमाने व थोड्या खर्चात कसे करता येते, याचे विवेचन पुढे केले आहे.

मिसिंग म्हणजे काय?

इंजिनाच्या प्रत्येक सिलिंडरमध्ये योग्य वेळी इंधन जळले पाहिजे. त्यासाठी पुरेशी हवा, योग्य प्रमाणात इंधन, दट्ट्याने निर्माण केलेला पुरेसा दाब आणि पेट्रोल वा सीएनजीच्या इंजिनात नेमक्या क्षणी पडणारी जोरकस ठिणगी, या चार गोष्टी लागतात. यांपैकी एकही उणी पडली की त्या खेपेस इंधन जळत नाही आणि गाडीला झटका बसतो. यालाच मिसिंग म्हणतात.

हे काम किती त्वरेने चालते याची कल्पना असावी. इंजिन मिनिटाला २,४०० फेरे फिरत असेल, तर प्रत्येक सिलिंडर दर दोन फेऱ्यांत एकदा, म्हणजे मिनिटाला १,२०० वेळा पेटतो. त्यांतील शंभरांत पाच खेपा चुकल्या तरी मिनिटाला साठ झटके बसतील. म्हणून अगदी लहानसा दोषही चालकास मोठा जाणवतो, आणि तो दोष क्षणभर दूर झाला की इंजिन पुन्हा निर्दोष भासते.

येथील हवा व रस्ते

माथेरान व सह्याद्रीच्या पायथ्याशी वसलेल्या या पट्ट्यात वर्षाकाठी सुमारे ३,००० मिलिमीटर वा त्याहूनही अधिक पाऊस पडतो. जून ते सप्टेंबर या काळात हवा दमट असते, आणि बॉनेटखालील तारा, टोप्या व सांधे यांना कोरडे होण्यास अवसर मिळत नाही. प्लगकडे जाणाऱ्या वायरीत दहा हजारांहून अधिक व्होल्टचा दाब असतो. वायरीचे रबर जुने होऊन त्यास बारीक भेगा पडल्या असतील, तर कोरड्या हवेत ती काम देते. परंतु भेगांत ओल शिरली की वीज प्लगपर्यंत न जाता जवळच्या लोखंडात उडी घेते.

दुसरे कारण चढाचे. खोपोलीपासून खंडाळ्यापर्यंत रस्ता सुमारे ५०० मीटर उंची चढतो. भार घेऊन चढताना सिलिंडरमधील दाब वाढतो आणि अधिक दाबात ठिणगी पाडण्यास अधिक व्होल्ट लागतात. सपाट रस्त्यावर निभावून नेणारा दुर्बळ प्लग अशा वेळी हार खातो. तिसरे कारण खड्ड्यांचे. हादऱ्यांनी बॅटरीची पकड, अर्थिंगची पट्टी व तारांचे जोड सैल होतात. चौथे कारण शेतकऱ्याच्या चांगल्या परिचयाचे आहे : पावसाळ्यात आसरा शोधणारे उंदीर गोठ्याजवळ वा खळ्याजवळ उभ्या असलेल्या गाडीत शिरतात आणि तारा कुरतडतात.

प्रथम निरीक्षण, मग उपाय

कर्जत येथे भातावरील संशोधनाची परंपरा १९१९ पासूनची आहे, आणि त्या संशोधनाने शेतकऱ्यास दिलेली एक शिस्त येथेही उपयोगी पडते. भाताचा पोंगा सुकलेला दिसला म्हणून जाणता शेतकरी लगेच औषध फवारीत नाही. तो पोंगा ओढून पाहतो. पोंगा सहज निघून आला तर खोड चिरून आत अळी आहे काय हे तपासतो, आणि खोडकिडीची खात्री पटल्यावरच उपाय करतो. इंजिनाच्या बाबतीतही हाच न्याय लावावा. सुटा भाग बदलणे हा उपाय आहे. निदान त्याच्या आधी व्हावयास हवे.

यासाठी गाडीत एक लहान वही व पेन्सिल ठेवावी. गाडीने मिस मारली की मुक्कामी पोहोचताच पुढील गोष्टी टिपाव्यात : तारीख व वेळ, पाऊस होता की कोरडे होते, इंजिन गार होते की तापलेले, चढ होता की सपाटी, गाडी भरलेली होती की रिकामी, कोणत्या इंधनावर चालू होती, टाकीत इंधन किती होते व शेवटचे केव्हा भरले, खड्ड्यात झटका बसला काय, आणि झटका कसा होता. आठ-दहा नोंदी झाल्या की दोषाचा स्वभाव स्पष्ट होऊ लागतो.

झटक्याचे स्वरूप विशेष लक्षपूर्वक टिपावे. ठिणगी चुकली तर झटका तुटक, तीव्र व एकाएकी बसतो. इंधन अपुरे पडले तर गाडी हळूहळू दम सोडते, वेग ओसरतो आणि ॲक्सिलरेटर दाबूनही जोर येत नाही. हा भेद ओळखता आला की निम्मे काम झाले.

नोंदींचा अर्थ

पाऊस पडत असताना किंवा दमट पहाटे मिसिंग येत असेल, तर प्लग वायर, कॉइल आणि जुन्या गाडीत डिस्ट्रिब्यूटरची टोपी यांवर प्रथम संशय घ्यावा. इंजिन तापल्यावर दोष येऊन अर्ध्या तासाच्या विश्रांतीनंतर नाहीसा होत असेल, तर कॉइल, पॉइंटच्या गाडीतील कंडेन्सर किंवा नव्या पद्धतीच्या गाडीतील क्रँकचा सेन्सर तपासावा. खड्ड्यात झटका बसत असेल तर तारांचे जोड व अर्थिंग पाहावे.

टाकी तळास गेल्यावर त्रास होत असेल, तर टाकीत पाणी वा गाळ साचला असण्याचा संभव असतो. काही किलोमीटर चालल्यावर दम तुटत असेल आणि टाकीचे झाकण उघडताच ‘फुस्’ असा आवाज होऊन गाडी पुन्हा नीट चालत असेल, तर टाकीत हवा घेण्याचे छिद्र बुजले आहे असे समजावे. उभ्या गाडीत इंजिन अडखळते, परंतु वेगात ठीक चालते, अशी तक्रार असेल तर इंजिनाकडे हवा नेणाऱ्या मार्गात फट पडली आहे किंवा एखादी झडप नीट बसत नाही, याचा तपास करावा.

एक उदाहरण

समजा, कर्जत तालुक्यातील एका शेतकऱ्याकडे पेट्रोल व सीएनजी या दोन्ही इंधनांवर चालणारी, चार सिलिंडरांची जुनी पिकअप आहे. जुलै महिन्यात चौकच्या बाजूने पनवेलकडे जाताना गाडी झटके देऊ लागते. गॅरेजमध्ये प्लग बदलले जातात. आठवडाभर ठीक चालून दोष पुन्हा येतो. मग फिल्टर बदलला जातो, त्यानंतर कॉइल. प्रत्येक वेळी गाडी उन्हात, रिकामी, दुपारच्या वेळी तपासली जाते, आणि मेकॅनिक प्रामाणिकपणे सांगतो, “काका, आता तर गाडी झकास चालतेय.” त्याचे म्हणणे खोटे नसते. ज्या परिस्थितीत दोष प्रकट होतो, ती परिस्थितीच त्या ठिकाणी नसते.

आता शेतकरी वही ठेवतो. दहा नोंदींपैकी आठ पावसातील निघतात. नऊ वेळा गाडी भरलेली होती व चढ होता. गाडी सीएनजीवर असताना दोष वारंवार येतो. पेट्रोलवर मात्र केवळ मुसळधार पावसात एकदाच आला आहे. झटका प्रत्येक वेळी तुटक व तीव्र आहे. या नोंदींवरून अनुमान निघते की इंधनाचा पुरवठा सुरळीत असून ठिणगी दुर्बळ आहे, आणि तिला ओल बाधते.

नंतर रात्री, अंधाऱ्या परंतु मोकळ्या जागेत गाडी उभी करून, हँडब्रेक लावून व गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून इंजिन चालू केले जाते. पिकांवर फवारण्यासाठी कधीही न वापरलेल्या स्वच्छ हातपंपाने प्लग वायरींवर पाण्याचा अगदी बारीक तुषार सोडला जातो. तिसऱ्या सिलिंडरच्या वायरीजवळ निळसर ठिणगी लोखंडी पट्टीकडे उडी घेताना दिसते आणि त्याच क्षणी इंजिन अडखळते. इंजिन बंद करून पाहता, वायर त्या पट्टीवर घासून झिजलेली आढळते.

येथेही घाई केली जात नाही. इंजिन बंद असतानाच तिसऱ्या सिलिंडरची वायर काढून, लांबी पुरत असल्याने, ती दुसऱ्यास लावली जाते व दुसऱ्याची तिसऱ्यास. पुन्हा तुषार सोडल्यावर दोष दुसऱ्या सिलिंडरकडे गेलेला दिसतो. वायरीबरोबर दोष सरकला, म्हणजे दोष वायरीतच होता. कॉइल व प्लग यांवर झालेला खर्च वाया गेला होता, हे आता कळते. वायरींचा संच बदलून व ती पट्टीपासून दूर बांधून पुन्हा तुषार सोडला जातो. आणि दोन भरलेल्या खेपा पावसात निर्विघ्न पार पडल्यावरच वहीत ‘दोष दूर झाला’ अशी नोंद होते.

तपासणीचा क्रम

तपासणी नेहमी कमी खर्चाच्या कामापासून सुरू करावी. प्रथम नुसते पाहावे : कुरतडलेल्या तारा, फाटलेल्या रबरी नळ्या, गंजलेली बॅटरीची टोके, इंजिन व चॅसिस यांना जोडणारी अर्थिंगची पट्टी. इंजिन चालू ठेवून लाकडी काठीने तारांचे जुडगे हलके हलवावे. एखाद्या ठिकाणी हलवताच इंजिन अडखळले तर सैल जोड तेथेच आहे.

त्यानंतर इंजिन गार झाल्यावर प्लग काढून, कोणता प्लग कोणत्या सिलिंडरचा हे ओळखू येईल अशा क्रमाने मांडावेत. फिकट तपकिरी टोक आरोग्याचे लक्षण आहे. कोरडी काळी काजळी इंधन जादा होत असल्याचे, पांढरे करपट टोक इंधन कमी पडत असल्याचे, पेट्रोलने ओले टोक ठिणगी न पडल्याचे आणि तेलकट टोक रिंगा वा झडपांची सीले झिजल्याचे सुचविते. चारांपैकी एकच प्लग वेगळा दिसला तर दोष त्या सिलिंडरपुरता आहे. चारही सारखेच बिघडलेले दिसले तर दोष सर्वांना समाईक असलेल्या भागात शोधावा. प्लगची फट फिलर गेजने मोजून गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या मापाची करावी.

बहुतेक नव्या पद्धतीच्या गाड्यांत इंजिनाचा दिवा असतो. मिसिंग होत असताना हा दिवा उघडझाप करू लागला तर ती गंभीर सूचना होय. स्कॅनरवर ‘पी ०३०१’ असा संकेत आला तर पहिला सिलिंडर, ‘पी ०३०२’ आला तर दुसरा, असा अर्थ होतो. ‘पी ०३००’ म्हणजे दोष एका सिलिंडरपुरता नाही. संकेत जागा दाखवितो, कारण दाखवीत नाही. म्हणून संकेत मिळाल्यावरही अदलाबदलीची परीक्षा करावीच.

एवढे करूनही उलगडा न झाल्यास सिलिंडरांचा दाब मोजून घ्यावा. एका सिलिंडरचा दाब इतरांहून बराच कमी आला, तर झडप, रिंग किंवा हेड गॅस्केट यांचा विचार करावा लागतो. हे काम जाणत्या मेकॅनिककडूनच करवून घ्यावे.

सीएनजी व इथेनॉलमिश्रित पेट्रोल

सीएनजीचे मिश्रण पेटविण्यास पेट्रोलपेक्षा अधिक जोरकस ठिणगी लागते. त्यामुळे ठिणगीचा दुर्बळपणा गॅसवर आधी प्रकट होतो. दोष केवळ गॅसवर येत असेल, तर गॅसचा संच उघडण्यापूर्वी प्लग व वायरी तपासाव्यात. गॅसवर दीर्घकाळ चाललेल्या जुन्या इंजिनात झडपांची बैठक झिजून त्यांची फट कमी होते आणि तापल्यावर झडप पूर्ण मिटत नाही. म्हणून ही फट ठराविक मुदतीने तपासून घ्यावी. गॅसची टाकी, नळ्या व रेग्युलेटर यांना घरी हात लावू नये. टाकीत सुमारे २०० बार इतका दाब असतो, आणि तिची नियमाप्रमाणे दर तीन वर्षांनी चाचणी करून घ्यावयाची असते.

देशात २०२५ पर्यंत पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळले जाऊ लागले. ऊस व मका यांपासून होणारे हे इंधन शेतकऱ्याच्याच घामाचे आहे. तथापि इथेनॉल पाणी शोषून घेते. बहुतेक वेळ गॅसवर चालणाऱ्या गाडीत पेट्रोल महिनोन्‌महिने पडून राहिले आणि त्यात पाणी शिरले, तर पाणी व इथेनॉल तळाशी वेगळे होऊ शकते, आणि पेट्रोलवर येताच गाडी मिस मारते. म्हणून पेट्रोल थोडे भरावे व अधूनमधून त्यावर गाडी चालवून ते संपवावे. जुन्या गाडीतील रबरी नळ्या मऊ पडल्या वा तडकल्या आहेत काय, हेही पाहावे.

डिझेलची पिकअप

डिझेल इंजिनात प्लगची ठिणगी नसते. तेथे मिसिंगची मुख्य कारणे म्हणजे इंधनात शिरलेली हवा, पाणी, तुंबलेला फिल्टर किंवा बिघडलेले नोझल. प्रथम फिल्टरखालील पाणी काढण्याचा स्क्रू उघडून पाणी निघते काय ते पाहावे. फिल्टर बदलल्यानंतर त्रास सुरू झाला असेल, तर लाइनमध्ये हवा राहिली असण्याचा संभव अधिक. परतीच्या मार्गावर तात्पुरती पारदर्शक नळी लावल्यास बुडबुडे डोळ्यांनी दिसतात. तापलेल्या इंजिनातून मिसिंगबरोबर पांढरा, डोळ्यांना झोंबणारा धूर येत असेल तर एखाद्या सिलिंडरमधील डिझेल न जळता बाहेर पडत आहे. काळा धूर हवेचा तुटवडा अथवा नोझलचा दोष सुचवितो.

जुन्या यांत्रिक पंपाच्या इंजिनात मेकॅनिक नोझलचे एकेक नट किंचित सैल करून आवाजातील फरक ऐकतात. ज्याचे नट सैल केल्यावरही आवाज बदलत नाही, तो सिलिंडर काम करीत नाही. कॉमन रेल पद्धतीच्या इंजिनात मात्र ही परीक्षा कधीही करू नये. त्यातील दाब १,००० बारच्याही वर जातो आणि डिझेलची बारीक धार कातडी भेदून शरीरात शिरते. अशी इजा वरवर किरकोळ दिसली तरी तत्काळ रुग्णालयात जावे.

कटाक्षाने टाळावयाच्या गोष्टी

पेट्रोलचा वा गॅसचा वास येत असताना ठिणगीची कोणतीही परीक्षा करू नये. चालू इंजिनात प्लग वायर हाताने ओढू नये. त्याने जोराचा झटका बसतो आणि इलेक्ट्रॉनिक पद्धतीच्या गाडीत कॉइलही जळू शकते. पंख्याजवळ सैल कपडे, गमछा वा साडीचा पदर नेऊ नये. इंजिनावर पाण्याचा लोट मारू नये. परीक्षेस तुषार पुरतो.

सतत मिस मारणारी गाडी तशीच दामटू नये. न जळलेले इंधन धुराच्या मार्गातील कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळते आणि तो भाग लालभडक तापतो. अशी गाडी वाळल्या गवतावर किंवा पेंढ्याच्या उडवीजवळ उभी केली तर आग लागण्याचा धोका असतो. हंगामभराची वैरण एका दुर्लक्षामुळे भस्म होऊ नये.

गावपातळीवर काय करता येईल?

प्लग पाना, फिलर गेज, टेस्ट लॅम्प आणि बारीक तुषाराचा हातपंप ही साधने थोडक्या खर्चात होतात. एका शेतकरी गटात असा एक संच असला तरी पुरे. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी मे महिन्याच्या अखेरीस, बियाण्याच्या उगवणशक्तीच्या चाचण्या चालू असतात त्याच सुमारास, गावातील वाहनधारक व जवळच्या जाणत्या मेकॅनिकला एकत्र बोलावून एका संध्याकाळी ही प्रात्यक्षिके करून दाखवावीत. बॅटरीची टोके, अर्थिंग, प्लग वायरी, फिल्टर व टाकीचे झाकण ही पाच ठिकाणे पहिल्या पावसापूर्वी प्रत्येक गाडीत तपासून घ्यावीत.

गॅरेजमध्ये जाताना शेतकरी बंधू-भगिनींनी “गाडी मिस मारते” एवढेच सांगून थांबू नये. नोंदीची वही मेकॅनिकच्या हाती द्यावी. शक्य असेल तर त्याला शेजारी बसवून, भरलेली गाडी त्याच चढावर, त्याच वेळी चालवून दाखवावी. दोष ज्या परिस्थितीत येतो त्याच परिस्थितीत तपासला गेला, तर नेमका बिघडलेला भाग एकदाच बदलावा लागतो, आणि पावसातही माल सौद्याच्या वेळेस बाजारात पोहोचतो.